आईच्या गोळ्यांचा डबा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'चाळिशीनंतरचं आरोग्य' या विषयावर तू बोल, असा संयोजकांचा निरोप आला, तेव्हा मी म्हटलं, अरे, आपल्या वर्गात तीन डॉक्टर आहेत, त्यांना सांगा. उत्तर आलं, डॉक्टर बोलायला उभे राहिले की लोक आपापले रिपोर्ट काढतात. म्हणून ही संगणकवाली तुमच्यापुढे उभी आहे. माझी पात्रता एवढीच, की गेली दोन वर्षं आईच्या गोळ्यांचा हिशेब मी ठेवते.

काल रात्रीचं जेवण आठवा. आमच्या टेबलावर आम्ही आठ जण होतो. ताटं उचलली गेली आणि पाच जणांनी खिशातून, पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढली. शाळेत आपण डब्यातलं लोणचं वाटून घ्यायचो, काल अ‍ॅसिडिटीची गोळी वाटून घेतली. मीही घेतली. समोरच्या रांगेत आपले पी.टी.चे सर बसले आहेत. सर, छडी चुकवायला घातलेले ते सूर्यनमस्कार पुढे चालू ठेवले असते, तर बरं झालं असतं.

आता आईचं सांगते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गावी एकटी राहते. सहा वर्षांपूर्वी बी.पी. निघालं आणि अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. चांगलं, जुनं औषध आहे. पण काही जणांच्या घोट्यांना त्याने सूज येते, तशी आईच्याही आली. आमचे नेहमीचे डॉक्टर नेमके बाहेरगावी होते. दुसऱ्यांनी सूज बघून लघवीची गोळी दिली. मग रात्रीतून चारदा उठणं आलं आणि झोपेचं खोबरं झालं. तिसऱ्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिली. एका रात्री बाथरूमला जाताना आई पडली, डावं मनगट मोडलं. त्यासाठी दुखण्याची गोळी, तिने पोट जळू नये म्हणून अ‍ॅसिडिटीची, शिवाय कॅल्शियम. थायरॉईडची आधीपासून होतीच. असं करत करत दिवसाला अकरा गोळ्या झाल्या.

यातली एकही चिठ्ठी वेडेपणाची नव्हती. ज्याच्यापुढे जी तक्रार आली, त्याने तिच्यावर औषध दिलं. पण अ‍ॅम्लोडिपिनची सूज येते ती बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं म्हणून. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती सूज फारशी हटत नाही. डॉक्टर मंडळींना हे ठाऊक असतं. अडचण अशी, की सगळ्या चिठ्ठ्या एकदम कोणासमोरच नव्हत्या. आमच्या कामात प्रोग्रॅमची ओळ बदलली तर कोणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद राहते. आईच्या डब्यातल्या गोळ्यांना अशी नोंद नव्हती. आलेली गोळी परत जायची नाही, एवढाच नियम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची मोहीम काढली, तेव्हा एकाच माणसाला लागलेली अनेक औषधं हा तिच्या तीन मुख्य विषयांपैकी एक होता. म्हणजे आईचा डबा काही जगावेगळा नव्हता.

पुढचं सांगायला मला जड जातं. प्लास्टर निघालं तेव्हा काकड्याचे दिवस होते. आईच्या भजनी मंडळात एक वयस्क बाई आहेत, त्यांचा शब्द सगळ्या जणी मानतात. त्या म्हणाल्या, विष खातेस तू हे, सोड सगळं, नाम घे. आईने डबा देव्हाऱ्याखालच्या फडताळात सारला. मी फोनवर रोज विचारायचे, "गोळ्या घेतल्यास?" ती म्हणायची, "हो गं." पहिले काही दिवस झोप उडाली, मग पायांची सूज उतरली, अंग हलकं वाटायला लागलं. तिला वाटलं, बाई म्हणतात तेच खरं. सतराव्या दिवशी ओट्याशी भोवळ आली. शेजारच्या मुलाने दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं बी.पी. दोनशेवर होतं. अर्धांगावर गेलं नाही, हे नशीब.

मी रात्रीच गाडीने पोचले आणि नको ते बोलले. म्हटलं, "तुझा विठोबा येणार होता का बी.पी. मोजायला?" दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "तुमच्या एवढ्या डॉक्टरांपैकी कोणी मला पाच मिनिटं बसवून विचारलं का, बाई, तुला काय होतंय? मंडळातल्या बायका रोज विचारतात." मी गप्प बसले. विचारलं तर मीही नव्हतं. मी फक्त 'घेतल्यास का' एवढंच विचारत होते.

त्या मंडळातल्या बाईंशीही मी वाद घातला. त्यांनी गांधीजींचा दाखला दिला, उरुळी कांचनचा. तो खरा आहे. १९४६ साली गांधीजी तिथे राहिले, खेड्यातल्या रोग्यांना मातीच्या पट्ट्या, पाण्याचे उपचार, साधा आहार आणि रामनाम सांगितलं, आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. पण १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टरांवर सडकून टीका करणाऱ्या याच माणसाला येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्सचा त्रास झाला. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि राहिलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. गांधीजींनी शस्त्रक्रियेला होकार दिला होता. हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग त्यांना देवानेच डॉक्टर पाठवला." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

शेवटी आमचे जुने डॉक्टरकाका परत आले. त्यांनी डबा टेबलावर उपडा केला आणि दीड तास बसले. अ‍ॅम्लोडिपिन बदलून दुसऱ्या जातीचं औषध दिलं, लघवीची गोळी बंद केली. झोपेची गोळी आईने स्वतःच तोडली होती. काका म्हणाले, ती अशी एकदम तोडायची नसते, हळूहळू कमी करायची असते. दुखण्याची गेली, तिच्या मागोमाग अ‍ॅसिडिटीचीही गेली. थायरॉईड आणि बी.पी.ला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. अकराच्या चार झाल्या. मग विचारलं, "उपास किती करतेस?" इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच आला. म्हणाले, साखर उतरवणारी गोळी घेणारे कित्येक जण गोळी खाऊन निर्जळी एकादशी करतात आणि साखर एकदम खाली येऊन पडतात. तुला शुगर नाही. एकादशी कर, पण पाणी पीत जा.

नामाने बी.पी. उतरतं, असं मी सांगणार नाही. पण देवळापर्यंतची चाल, रात्री नऊला अंथरूण आणि 'काल का आली नाहीस' म्हणून दार वाजवणाऱ्या पंधरा जणी, हे कुठल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. झोपेच्या गोळीची जागा बऱ्याच अंशी त्यांनी घेतली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

माझं स्वतःचं थोडक्यात. अ‍ॅसिडिटीची गोळी मी चार वर्षं रोज घेत होते. सुरुवातीला ती फक्त सहा आठवड्यांसाठी लिहिलेली होती. एके दिवशी झटक्यात बंद केली आणि छातीत अशी आग पडली की वाटलं, गोळीशिवाय आपलं चालणारच नाही. नंतर कळलं, ही गोळी एकदम थांबवली की दाबून ठेवलेलं आम्ल काही काळ उसळतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली, आणि लॅपटॉपसमोरचं अकराचं जेवण आठला आणलं. काल घेतली ती कांदाभज्यांच्या तिसऱ्या बशीमुळे.

आता देव्हाऱ्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. गोळीचं नाव, कशासाठी, कोणी दिली, कधीपर्यंत. अक्षर आईचंच आहे. मंडळातल्या बायका भजनाला आल्या की तो वाचतात. गेल्या महिन्यात त्या वयस्क बाई आपली पिशवी घेऊन आल्या आणि आईसमोर ओतली. चौदा प्रकारच्या गोळ्या निघाल्या, त्यातल्या दोन एकाच औषधाच्या, फक्त कंपन्या वेगळ्या. रात्री आईचा फोन आला, "मंगळवारी मला फोन करू नकोस, मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे चाललेय."