हप्ता चुकला म्हणजे नियत खोटी?

निफाड तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटात 2024च्या जानेवारीत एका ताईचा कर्जाचा हप्ता चुकला. फेब्रुवारीतही चुकला. ताई बैठकीला येईना, फोन उचलेना. निरोप पाठवला तर उत्तर आलं, माहेरी आई आजारी आहे. आई तर ठणठणीत निघाली. मग बैठकीत एकच सूर: बाई लबाड आहे, गटातून काढा. आम्हीही माना डोलावल्या. आमच्याकडून बँकेत भरणा उशिरा गेला, तर मात्र 'एसटी चुकली' म्हणतो, आणि सगळ्यांना ते पटतं.

नाव काढण्याआधी तिच्या घरी जाऊन आलो. 8 डिसेंबर 2023ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कसा कोसळला, हे तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ कांदा चाळीत थांबतो. लाल कांदा थांबत नाही, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. ताईचा सगळा लाल, तोही खंडानं घेतलेल्या रानात.

एक जण म्हणाली, "कांदा आमचाही होता, आम्ही भरलाच ना?" खरं आहे. पण तिच्या दारात दोन गाई, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी हातात. ताईकडे कांद्याशिवाय काही नव्हतं.

आणि खोटं बोलली त्याचं काय? ते कांद्यावर ढकलता येणार नाही. शरमेनं बोलली, पण बोलली ती तीच. तेवढा दोष तिचा.

मग आम्ही जुनी वही काढली. तीन वर्षांत ताईचा एकही हप्ता उशिरा नव्हता. त्याच वहीत दुसरी बाई सापडली. कांद्याला चांगला भाव होता तेव्हाही तिचे हप्ते दोन-दोन महिने मागे. तिला कधी कोणी लबाड म्हटलं नव्हतं, कारण ती बैठकीला येते, गोड बोलते, चहा पाजते. आम्हीही तो चहा प्यायलोय.

ताईचा हप्ता सहा महिन्यांसाठी निम्मा केला. खोटं बोलल्याचा दंड घ्यायचा की नाही, यावर अजून वाद चालू आहे. पुढच्या बैठकीला ती आली, पण दाराशीच बसली. त्या गोड बोलणाऱ्या बाईंना थकबाकी विचारली, तर त्या रागानं उठून गेल्या. चहा तसाच राहिला.