बसूनच राहा

काठी, चाकाची खुर्ची, औषधांचा डबा सांभाळत आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

पाहुणे आले तेव्हा सभागृहात कुणी उभं राहिलं नाही. तशी विनंती आम्हीच केली होती. स्वागत समितीच्या वतीने तुम्हा सर्वांचं नागपुरात मनापासून स्वागत.

३० मे हा जागतिक एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) दिन. ही परिषद त्याच दिवशी घ्यावी, असा काहींचा आग्रह होता. पण तो दिवस आमच्याकडे ऐन नवतप्यात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत येतो. श्रमानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते, हे उथहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं होतं. त्यामागे वाढलेलं तापमान असतं, हे पुढे कळलं. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण झिजलं की संदेश आधीच अडखळत जातो. अंगात ऊन भरलं की तो वाटेतच थांबतो. म्हणून आपण जानेवारीत भेटतोय.

माझी पत्नी शाळेत गणित शिकवायची. एमएसचं निदान होण्याच्या आधीची दोन वर्षं, दुपारच्या तासाला तिचा हात फळ्यापर्यंत जाईना. वर्गात दोन मुलं एकदम बोलली की तिचा धागा तुटायचा. घरी आली की चप्पलही न काढता दिवाणावर आडवी व्हायची. 'रात्री झोपत नाहीस का?' असं मी विचारायचो. ती झोपत होती. तो प्रश्न मला अजून टोचतो.

हा थकवा झोपेने जात नाही आणि तो अंगावर दिसत नाही. विचारांचा वेग मंदावणं जवळपास निम्म्या रुग्णांत आढळतं. तो वेग मोजायला चिन्हं आणि आकडे यांच्या जोड्या लावायची ९० सेकंदांची साधी चाचणी आहे. ती वर्षातून एकदा तरी व्हावी, अशी डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. आणि उदासी? 'एवढा आजार झाल्यावर माणूस खचणारच' म्हणून ती सोडून देऊ नका. मेंदूतला दाह आणि व्रण यांचाही तिच्यात वाटा असतो आणि तिच्यावर उपचार आहेत.

थकव्यावर मात्र हमखास गोळी नाही. अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तिन्हींची १४१ रुग्णांवर तुलना झाली. २०२१ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निष्कर्ष छापून आले : औषधाचा अंश नसलेल्या गोळीपेक्षा एकही सरस ठरली नाही. मला त्याने निराश केलं नाही. थायरॉइड, रक्तातलं लोह, झोपेचा आजार तपासणं, झेपेल तेवढा नियमित व्यायाम, वर्तनोपचार, कामांची दिवसभरात नीट वाटणी, हे सगळं हाताशी आहे. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि ओपीडीत 'थकवा किती आहे?' हे आधी विचारावं लागतं.

आज प्रत्येक सत्र ३० मिनिटांचं आहे, मग १५ मिनिटं विश्रांती. एका वेळी एकच जण बोलेल. चहा स्वयंसेवक जागेवर आणून देतील. उजवीकडच्या खोलीत बारा खाटा आणि मंद दिवा आहे. मधेच उठून गेलात तर कुणी कारण विचारणार नाही. माझी पत्नी आत्ता तिथेच पडली आहे. दुसऱ्या सत्राला ती येईल.