सामाईक विहिरीची पाळी



कृष्णाकाठच्या गांवांत दोन शेजारी बांधावरून भांडत असले, एकमेकांशीं बोलतही नसले, तरी सामाईक विहिरीची पाळी सहसा मोडीत नाहींत. पाणी तुटलें तर दोघांचींही पिकें वाळतील, हें ते जाणून असतात. दक्षिण आशियाच्या फुटबॉल महासंघाचें मर्म हेंच आहे.

हा महासंघ १९९७ सालीं स्थापन झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका व मालदीव हे त्याचे पहिले सभासद. भूतान २००० सालीं आला. अफगाणिस्तान २००५ सालीं आला आणि २०१५ सालीं मध्य आशियाच्या संघटनेंत गेला. आज सात देश आहेत. त्यांपैकीं कांहींचें परस्परांशीं किती पटतें, हें सांगावयास नको. तरीही जून २०२३ मध्यें बंगळूर येथें भारत व पाकिस्तान एका मैदानावर उतरले. भारतानें तो सामना ४-० असा जिंकला.

मैदानावर देशाचा विस्तार मोजीत नाहींत. मालदीवची वस्ती सुमारें पांच लाख, म्हणजे आपल्याकडील एखादा मोठा तालुका. त्या मालदीवनें २००८ सालीं कोलंबोस व २०१८ सालीं ढाक्यास अंतिम सामन्यांत भारतास हरविलें. युद्धानें पोळलेल्या अफगाणिस्ताननेंही २०१३ सालीं काठमांडूस तेंच केलें.

नियमांपुढें तर थोरलाही धाकटाच. कारभारांत बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून ऑगस्ट २०२२ मध्यें फिफा या जागतिक संघटनेनें अखिल भारतीय फुटबॉल महासंघास निलंबित केलें. तें निलंबन त्याच महिन्यांत उठलें खरें. परंतु गोकुलम केरळ संघाच्या मुली तोंपर्यंत ताश्कंदला पोंचल्या होत्या, आणि त्यांना न खेळतांच परतावें लागलें. कचेरींतील भांडणाचा दंड मैदानावरच्या निरपराध्यांनीं भरला.

शेजारच्या कोल्हापुरांतही पाटाकडील व दिलबहार या तालमींची चुरस मोठी. पण दोन्ही संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या एकाच छत्राखालीं खेळतात. छत्र नसेल तर चुरशीचें वैर व्हावयास वेळ लागत नाहीं.

म्हणून आपल्या मुलांना गोल कोणीं केला एवढेंच सांगूं नका. सामना कोणत्या नियमांनीं आणि कोणाच्या संमतीनें भरला, तेंही समजावून सांगा. हरल्यावर प्रतिपक्षाचा हात हातीं घ्यावा आणि पुढच्या वेळीं पुन्हा त्याच शेजाऱ्याशीं खेळावयास जावें, हा धडा पुस्तकांत वाचून येत नाहीं. तो मैदानावरच गिरवावा लागतो.