आकड्यांचा कौल



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आम्ही शेअरबाजारावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण बोनसच्या वाटाघाटींनीच आम्हांला ताळेबंद वाचायला शिकवले. शिवाय ऑगस्ट २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या रकमेतला काही हिस्सा बाजारात जाऊ लागला. तेव्हा हा विषय कामगाराला परका उरलेला नाही.

सॉफ्टवेअरमध्ये शेअर निवडण्याचा ‘संकेत’ बसवतात, म्हणजे आधी ठरवलेली कसोटी सर्व कंपन्यांना सारखी लावतात. अमेरिकेतील हिशेबशास्त्राचे अध्यापक जोसेफ पिओट्रोस्की यांनी २००० साली, बाजारात स्वस्त झालेल्या शेअरांतून सुदृढ कंपन्या वेचण्यासाठी नऊ कसोट्या मांडल्या. नफा झाला का? धंद्यातून रोकड हाती आली का? ती नफ्याहून अधिक आहे का? मालमत्तेच्या मानाने नफा वाढला का? दीर्घ मुदतीच्या कर्जाचे प्रमाण घटले का? चालू देणी भागवण्याची ताकद वाढली का? नवे शेअर विकावे लागले नाहीत ना? ढोबळ नफ्याचे प्रमाण सुधारले का? मालमत्तेच्या मानाने विक्री वाढली का? प्रत्येक अनुकूल उत्तराला एक गुण. आठ-नऊ गुण मिळाले तर कंपनी सबळ, शून्य-एक मिळाला तर दुबळी.

मग हा नियम मागील वर्षांना लावून पाहतात. येथे दोन फसगती होतात. ३१ मार्चचा हिशेब १ एप्रिलला कोणाच्या हाती नसतो. तो पुढे काही आठवड्यांनी जाहीर होतो. तो आधीच ठाऊक होता असे धरले, तर यश फुकटचे. दुसरे असे की, आजच्या यादीतल्याच कंपन्या घेतल्या, तर बुडालेल्या आपोआप गळतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या कित्येक गिरण्या बंद पडल्या. त्या वगळून कापडधंद्याचा हिशेब मांडला, तर तो भरभराटीचाच दिसेल!

आता ढोबळ नफ्याची कसोटी पाहा. उत्पादनखर्चात मजुरीही असते. मजुरी कापून नफ्याचे प्रमाण वाढले तरी एक गुण, चांगली यंत्रे आणून वाढले तरी एकच गुण. नफा कोणत्या वाटेने आला, हे संगणक विचारीत नाही. ते माणसानेच विचारले पाहिजे.

म्हणून ‘संगणकाने कौल दिला’ असे सांगून कोणी तुमची पुंजी मागू लागला, तर त्याला तीन गोष्टी विचारा : नियम काय? आकडे त्या दिवशी हाती होते का? बुडालेल्या कंपन्या मोजल्या का? उत्तरे मिळेपर्यंत पैसा आपल्याच गाठीला असू द्या.