नावाचे भाऊबंद

बंगळूरच्या जक्कूर भागातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कँडिडा नामक किण्वांच्या गुणसूत्रांचा अभ्यास झालेला आहे. त्याची निकड इस्पितळात कळते. रुग्णाच्या कॅथेटरवर वा कवळीवर ही किण्वे चिकट पटल विणतात. त्यात पुष्कळदा दोन जाती एकत्र नांदतात. नांदतात म्हणणे धाडसाचेच! ३७ अंश उष्णता आणि बेताची आम्लता लाभली की अल्बिकन्स लांब तंतू सोडते. ग्लाब्राटाला असे तंतू नाहीत. ती त्यांनाच बिलगून वाढते. (तिचे खरे नाते पावाच्या किण्वाशी आहे.) परंतु फ्लुकोनॅझोल दिले, की डाव उलटू शकतो. अल्बिकन्स मागे हटते आणि त्या औषधाला सहसा न जुमानणारी ग्लाब्राटा मोकळी जागा बळकावते. म्हणून जाणता डॉक्टर आधी जात ओळखतो, आणि शक्य असेल तेथे नळीच काढून टाकतो.