साधूची भाकरी, सारासेनाचा उंट



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'पूर्व रोमन साम्राज्यातील मठसंस्था' असा छापला आहे. एवढा मोठा विषय मंडळाने माझ्यावर विश्वासाने सोपवला, आणि मी त्याच्या एका कोपऱ्यातच मुक्काम ठोकणार आहे. कॉन्स्टंटाइन बादशहा, 325 ची निकायाची परिषद, इजिप्तच्या वाळवंटात निघून गेलेले साधू, हे सगळं कालच्या वक्त्यांनी इतकं छान सांगितलं की मी त्याला हात लावत नाही. (हशा) कालचे वक्ते समोरच बसले आहेत, म्हणून हे बोलणं भाग आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच. वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंची चरित्रं वाचली की भटके अरब, ज्यांना रोमन लोक सारासेन म्हणत, ते आपल्याला लुटारू म्हणूनच भेटतात. माझा प्रश्न मात्र स्वयंपाकघरातला आहे. गाव सोडून, पाणी सोडून माणूस वाळवंटात जाऊन बसला, तर त्याला भाकरी कोण देतं?

सगळ्या साधूंचे आद्यपुरुष अँटनी. ते 356 मध्ये वारले आणि लवकरच अथानेशियस बिशपांनी त्यांचं चरित्र लिहिलं. आतल्या डोंगरापर्यंत अँटनी गेले कसे? त्या वाटेने निघालेल्या सारासेनांबरोबर, तीन दिवस आणि तीन रात्री चालून. तिथे ते राहू लागल्यावर जाता-येता भाकरी कोणी दिली? त्याच सारासेनांनी. हे मी म्हणत नाही, अथानेशियस म्हणतात. पुढे इतरांना आपला त्रास नको म्हणून अँटनींनी कुदळ आणि बी मागवून स्वतःपुरतं पिकवलं, हेही त्यांनीच लिहिलं आहे.

दुसरे सबास. 483 मध्ये यरुशलेमजवळच्या दरीत त्यांनी मोठा मठ स्थापला, त्याच्या आधीची ही गोष्ट. भुकेले सारासेन दारात आले. सबासांच्या झोळीत कंदमुळं आणि बोरूचे गाभे होते, तेच त्यांनी पुढे ओतले. ते लोक गुहेची जागा लक्षात ठेवून गेले आणि काही दिवसांनी परतले ते भाकरी, चीज आणि खजूर घेऊन.

(श्रोत्यांतून: धनगर मेंढ्या बसवतात तसं.) बरोबर! शेताला खत, धनगराला धान्य. फक्त इथे शेत नव्हतं, आशीर्वाद होता.

तिसरे आस्पेबेटोस. इराणच्या बाजूचे टोळीप्रमुख. तिथे ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा पळणाऱ्यांना अडवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. यांनी अडवलं नाही, जाऊ दिलं. मग स्वतःलाच पळावं लागलं. रोमनांनी त्यांना आपल्या हद्दीतल्या अरबांचं प्रमुखपद दिलं. मुलगा तेरेबोन, त्याची उजवी बाजू लुळी. वैद्य झाले, मागी पुरोहित झाले. शेवटी यरुशलेमच्या पूर्वेला गुहेत राहणाऱ्या युथिमियसांकडे त्याला आणलं आणि तो बरा झाला, असं चरित्रकार सिरिल सांगतात. सिरिलना ही हकीकत तेरेबोनच्या नातवाकडूनच कळली होती. गुहेच्या कोपऱ्यात छोटा हौद करून बाप्तिस्मा झाला. आस्पेबेटोसचा मेहुणा मारिस तिथेच साधू होऊन राहिला, सगळी मालमत्ता मठाला देऊन. आणि खुद्द आस्पेबेटोस? ते कारागीर घेऊन परत आले आणि साधूंसाठी दोन तोंडांचं पाण्याचं टाकं बांधलं, भाकरीची भट्टी बांधली, खोल्या बांधल्या. पुढे ते पीटर नावाने तंबूंच्या वस्तीचे बिशप झाले आणि 431 मध्ये एफिससच्या धर्मपरिषदेत बसले. तंबूत राहणाऱ्यांचा बिशप, हे लक्षात घ्या.

आता सिमिऑनबद्दल दोनच वाक्यं. उत्तर सीरियात खांबावर राहणारे साधू, 459 मध्ये वारले, खांब शेवटी 36 हात उंच झाला होता. भटके तिथे दोनशे-तीनशेंच्या, कधी हजाराच्या जथ्याने येत. एकदा खाली दोन टोळ्या भांडू लागल्या: आशीर्वाद आमच्या प्रमुखाला पाठवा, त्यांच्या नको. सिमिऑन वरून ओरडले, त्यांना कुत्रे म्हणाले, तेव्हा कुठे शांतता झाली. आणि एकदा तर त्यांनी खाली उभ्या असलेल्या थिओडोरेट बिशपांकडे बोट दाखवून सांगितलं, आशीर्वाद यांच्याकडून घ्या. झालं! कोणी पुढून ओढतंय, कोणी मागून, कोणी दाढी धरली, कोणी झगा. लांबचे पुढच्यांवर चढून हात पुढे करताहेत. सिमिऑनांनी वरून दटावलं म्हणून वाचलो, असं थिओडोरेटांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. (हशा) अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मी पाहिलं ते. दोन वाक्यांची वीस झाली खरी.

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मघापासून मान हलवताहेत. त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे: कत्तली विसरलात. विसरलो नाही. 614 मध्ये सबासांच्या मठातले 44 साधू मारले गेले, हे खरं. सिनाईतल्या थिओडुलसची गोष्टही आहे. भटके त्याचा पहाटताऱ्याला बळी देणार होते, पण त्यांना झोप लागली आणि वेळ टळली. ही गोष्ट बरीचशी कादंबरीच्या अंगाने जाते. माझी तक्रार एवढीच की लेखणी साधूंकडे होती. कत्तलीला स्वतंत्र प्रकरण मिळतं, भाकरीला अर्धी ओळ. अँटनींच्या चरित्रात ती अर्धी ओळच आहे, मोजून पाहा.

(चिठ्ठी) पाच मिनिटं. बरं.

मग हिशेबच सांगतो. नेगेवमधल्या नेसाना गावाच्या उत्खननात 1930 च्या दशकात पपायरसचे कागद सापडले. त्यात उंटांवरून व्यापार करणाऱ्या मंडळींचा एक हिशेब आहे. पवित्र डोंगराकडे, म्हणजे सिनाईकडे घेऊन जाणाऱ्या सारासेन वाटाड्याला 3 सोन्याची नाणी. आणि त्याच हिशेबात सारासेनांनी नेलेल्या एका उंटाची किंमत. लिहिणाऱ्याने ना शाप दिला आहे, ना आशीर्वाद. सगळ्या चरित्रकारांपेक्षा माझा भरवसा या हिशेबनिसावर आहे.

सारासेनांची मेविया राणी राहिलीच. तिच्यासाठी खास टिपणं आणली होती. एवढं तरी ऐका. वॅलेन्स बादशहाच्या फौजांना तिने फिनिशिया आणि पॅलेस्टाइनमध्ये जेरीस आणलं. तह करायला रोमन आले तेव्हा तिची अट होती: मोझेस नावाचा वाळवंटातला साधू, जन्माने सारासेनच, आमचा बिशप करा. आणि रोमनांना ती अट मान्य करावी लागली.