नाव न विचारता

१७ डिसेंबर १९४१. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं नॉर्थ प्लॅट हे छोटंसं रेल्वेचं गाव. आपल्याकडच्या मुलांची पलटण जाणार म्हणून लोक खाऊ घेऊन स्टेशनवर जमले. गाडी आली, पण आत होती शेजारच्या कॅन्ससची मुलं! क्षणभर सगळे गप्प. मग आणलेलं सगळं त्यांनी त्या परक्या मुलांनाच देऊन टाकलं.

रे विल्सन या तरुणीने वर्तमानपत्रात लिहिलं, हे प्रत्येक गाडीसाठी करू या. २५ डिसेंबरपासून स्टेशनवर कँटीन सुरू झालं, ते १ एप्रिल १९४६ पर्यंत चाललं. गाडी थांबायची दहा-पंधरा मिनिटं. साखर रेशनवर, तरी ज्याचा वाढदिवस त्याला केक. आसपासच्या सुमारे १२५ गावांनी मिळून जवळपास ६० लाख सैनिकांना खाऊ घातलं. केक कुणी भाजला, हे खाणाऱ्याला सहसा कळतही नसे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला पैसे पाठवतो. एकदा ऑफिसात कुणीतरी विचारलं, "तुम्ही लोक सैन्यासाठी काय करता?" मी लगेच पावतीचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला. रात्री स्वतःचीच लाज वाटली. पैसे सैनिकांसाठी होते, स्क्रीनशॉट मात्र त्या प्रश्नासाठी.

तो प्रश्न चुकीचाच होता. पण त्याच्या उत्तरादाखल मदत वापरायची नसते. आता पैसे पाठवतो आणि फोन खिशात ठेवतो.